दवाखान्यात बोलायलाही शिकवावे लागते

कृषी खात्यातला माणूस लिहायला बसला की तो सोयाबीन, तूर, पीक विमा यांवर लिहिणार, असे वाचक गृहीत धरतात. आज मी एचआयव्हीबद्दल लिहिणार आहे. विषय माझ्या खात्याचा नाही हे मला कळते. पण तो माझ्यापर्यंत शेताच्या धुऱ्यावरूनच आला आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात एक तरुण शेतकरी आहे. तीन एकर कोरडवाहू. सोयाबीन निघाले, तूर सोंगून झाली की दरवर्षी तो बाहेरगावी बांधकामावर जातो आणि अक्षय तृतीयेच्या सुमाराला परत येतो. काही वर्षांपूर्वी तो परतला तो अर्धा होऊन. खोकला थांबत नव्हता, अंगावरचा सदरा लोंबत होता. आम्ही गावात बियाण्याची उगवणशक्ती तपासून दाखवत होतो, तेव्हा तो मागे भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणालो, ‘‘भाऊ, एकदा दवाखान्यात दाखव.’’ तो म्हणाला, ‘‘पेरनी झाली का दाखोतो सायेब.’’ शेवटी मीच त्याला गाडीवर बसवून एका दवाखान्यात नेले. कोणता दवाखाना, हे सांगत नाही. असे कुठेही घडू शकते.

व्हरांड्यात रांग होती. टेबलामागच्या कर्मचाऱ्याने केसपेपर लिहिता लिहिता मोठ्याने विचारले, ‘‘कामाले बाहेर जातं का? मंग तिकडं बायांकडंही जात असशीन!’’ रांगेतले दोघेतिघे हसले. हा खाली पाहून म्हणाला, ‘‘नाई जी.’’ रक्त घेतले. कशासाठी घेतले, ते सांगितले नाही. दोन दिवसांनी तो एकटाच रिपोर्टला गेला, तेव्हा ‘‘तुहं ते तसलं निघालं, जिल्ह्याले जाय,’’ एवढे बोलून त्याच्या हातात चिठ्ठी दिली. येताना त्याने ती चिठ्ठी पुलावरून नाल्यात टाकली. जिल्ह्याला गेलाच नाही.

आता माझी चूक सांगतो. त्याला दवाखान्यात नेले त्याच संध्याकाळी पानटपरीवर कोणीतरी विचारले, ‘‘त्याले काय झालं?’’ मी म्हणालो, ‘‘रक्त तपासायला दिलंय. बाहेरून आला ना तो.’’ मनात काही वाईट नव्हते. पण चार दिवसांत गावभर कुजबूज सुरू झाली. त्याने माझ्याशी बोलणे सोडले आणि शेतीशाळेला येणेही बंद केले.

जवळजवळ वर्ष असेच गेले. पुढे क्षयाचे निदान झाले, तेव्हा त्याच्या बायकोच्या भावाने त्याला दुसऱ्या एका ठिकाणी नेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावून पाऊण तास त्याचे ऐकून घेतले. पुढे कधीतरी तो मला म्हणाला, ‘‘त्या म्याडमनं पयले मले पानी देल्लं. मंग इचारलं.’’ त्याची औषधे सुरू झाली. बायकोचीही तपासणी झाली, तिलाही लागण निघाली. वर्षभर आधी तपासली असती तर तिचा रिपोर्ट काय आला असता, हे कोणीच सांगू शकत नाही. पण ते वर्ष कशाने गेले, हे सांगता येते. तपासणी फुकट होती, औषध फुकट होते. फक्त पहिल्या टेबलामागच्या माणसाला कसे बोलावे हे कोणी शिकवले नव्हते. मलाही नव्हते.

हे सारे त्या शेतकऱ्याला विचारूनच लिहिले आहे, आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

डब्यावरची सूचना आणि माणसाचा शब्द

कोणी म्हणेल, एड्सची माहिती आता कोणाला नाही? आम्ही शाळेत असताना १ डिसेंबरला फेरी निघायची. भिंतीवर कवटी काढलेली असायची आणि खाली ‘एड्स म्हणजे मरण’ अशा अर्थाची ओळ. माहिती पोहोचली, पण तिच्यापेक्षा भीती जास्त पोहोचली. त्यानंतर औषधोपचार कितीतरी पुढे गेला, ती कवटी मात्र लोकांच्या डोक्यात तशीच राहिली.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर काय नव्हते? लाल-पिवळा त्रिकोण होता, हातमोजे-मास्क वापरण्याची सूचना होती, घडीपत्रिका होती. पण भर उन्हात, पाठीवर पंप घेऊन, दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्या माणसाशी बसून कोण बोलले होते? मास्क लावला की जीव गुदमरतो, मोजे घातले तर मालक हसतो, या त्याच्या अडचणी कोणी विचारल्या होत्या? माहिती डब्यावर राहिली आणि माणूस गेला. आम्हा विस्ताराच्या लोकांना तो धडा महागात शिकावा लागला.

एचआयव्हीचेही तसेच आहे. ‘सुरक्षित संबंध ठेवा’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर सापडेल. पण महिनोन् महिने बिऱ्हाडापासून दूर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला, आठ आठ दिवस हायवेवर असणाऱ्या ड्रायव्हरला, नवरा वर्षातून दोनदा घरी येतो अशा बाईला ते वाक्य आपल्या आयुष्यात कसे बसवायचे, हे भिंत सांगत नाही. आपल्या जिल्ह्यातून अकोला-नांदेड रस्ता जातो, आता समृद्धी महामार्गही जातो. मानोरा, मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरून आणि बाकी तालुक्यांतूनही माणसे पोटासाठी बाहेर पडतात. बाहेर जाणे हा काही गुन्हा नव्हे. पण परतलेल्या माणसाला आपण गुन्हेगारासारखे विचारले, तर तो खोटेच बोलणार.

समुपदेशन म्हणजे नेमके काय

समुपदेशन हा शब्द मोठा वाटतो, पण काम साधे आणि नेमके आहे.

तपासणीआधी तीन गोष्टी सांगायच्या : रक्त कशासाठी घेतो आहोत, निकालाचा अर्थ काय होईल आणि तुमची संमती आहे का. मग धोका किती, हे विचारायचे. पण विचारण्याची रीत असते. ‘‘तू बायांकडे जातोस का?’’ हा प्रश्न नव्हे, आरोप आहे. शिकलेला समुपदेशक म्हणेल, ‘‘घरापासून लांब राहणारे बरेच जण आम्हाला सांगतात की तिकडे असे संबंध येतात. तुमच्या बाबतीत कधी झाले का? सांगाल ते या खोलीबाहेर जाणार नाही.’’ आणि मग गप्प बसेल. ते गप्प बसणेच फार अवघड असते, आणि तेच सरावाने शिकावे लागते.

निकाल निगेटिव्ह आला की आपल्याकडे ‘‘काही नाही, जा’’ म्हणून वाटेला लावतात. खरे तर प्रतिबंधाचे काम तिथेच सुरू होते. लागण ताजी असेल तर ती तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून धोका घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, हे त्या माणसाला सांगायला हवे. निरोध कसा वापरायचा, हे नुसते पाकीट हातात न कोंबता दाखवायला हवे. गुप्तरोगाची जखम किंवा स्राव असेल तर त्यावर आधी उपचार करायला हवा, कारण त्यामुळे लागणीचा धोका वाढतो. आणि डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने हा आजार होत नाही, हेही दर वेळी सांगायला हवे.

निकाल पॉझिटिव्ह आला तर आधी त्या माणसाला सावरू द्यायचे. मग सांगायचे की २००४ पासून सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळते, आणि २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. गोळ्या रोज नियमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट आपल्या गावांत किती जणांना माहीत आहे? जोडीदाराची तपासणी करायला हवी, क्षयाची तपासणी करायला हवी, घरात कोणाला आणि कसे सांगायचे ते ठरवायला मदत करायला हवी. गरोदर बाई असेल तर वेळेला फार किंमत आहे. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर उपचार मिळाला तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो.

यात भाषेचीही अडचण आहे. शरीरसंबंधांबद्दल बोलायला आपल्याकडे एकतर शिव्या आहेत, नाहीतर पुस्तकी शब्द. ‘असुरक्षित लैंगिक संबंध’ असे आपल्या गावात कोणी बोलत नाही. ज्याला वऱ्हाडीत आणि तांड्यावर गोरमाटीत, समोरच्याला मान खाली घालावी न लागता बोलता येते, तोच खरा समुपदेशक. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायांनाच या कामात घेतले, कारण त्यांच्याइतके त्यांच्या माणसांशी दुसऱ्या कोणाला बोलता आले नसते.

न बोलण्याची किंमत

आपल्या देशात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत आढळली. सुरुवातीच्या काळात शासनालाही काय करावे सुचत नव्हते. गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाची गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. तो रक्तदाता होता. १९८९ साली त्याच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा त्याला बसवून समजावून सांगण्याऐवजी पोलिसांकरवी नेण्यात आले आणि एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. तेव्हाचा गोव्याचा कायदाच तसा होता. सुटल्यावर तो या प्रश्नावर काम करत राहिला आणि १९९२ साली वारला.

त्याच १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. राज्याची एड्स नियंत्रण संस्था १९९८ साली आली, म्हणजे अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला त्याच वर्षी. पुढे समुपदेशन आणि तपासणी केंद्रे निघाली, समुपदेशक नेमले गेले, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘सक्षम’ प्रकल्पातून त्यांना प्रशिक्षणही मिळाले. २०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करायची नाही, तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन झाले पाहिजे, आणि कोणाचा निकाल चव्हाट्यावर आणायचा नाही. म्हणजे व्हरांड्यात जे झाले ते नुसते उद्धटपणाचे नव्हते, ते कायद्यालाही धरून नव्हते.

नेमका खड्डा कुठे आहे

शिकलेला समुपदेशक बहुधा जिल्ह्याला किंवा मोठ्या रुग्णालयात बसतो. शेतकरी मात्र आधी उपकेंद्राच्या सिस्टरकडे जातो, आशाताईला विचारतो, नाहीतर बाजारच्या दिवशी खाजगी डॉक्टरकडे सुई टोचून घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे समुपदेशन सिस्टर किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाला आपली बाकी कामे सांभाळून करावे लागते. म्हणजे ज्या दारात माणूस पहिल्यांदा येतो, तिथेच शिकवलेला माणूस नसण्याची शक्यता जास्त. त्या दारातून तो बिथरून परत गेला, तर जिल्ह्याच्या उत्तम समुपदेशकाची गाठच पडत नाही.

खेड्यातल्या साध्या माणसांना हे शिकवता येईल का, अशी शंका कोणी घेऊ नये. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. एक दिवसाचे भाषण ठोकून ते झाले नाही. पुन्हा पुन्हा सराव, जागेवर देखरेख आणि चुकले तिथे दुरुस्ती, असे ते काम होते.

आमच्या शेतीशाळेचेही हेच सूत्र आहे. चांगली शेतीशाळा सभागृहात होत नाही. त्याच शेतात, पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवसांनी बसायचे, शेतकऱ्याने स्वतः झाड उपटून खोडमाशी पाहायची, स्वतः सांगायचे, आणि आपण कमी बोलायचे. आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण असेच हवे. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने सिस्टर, बाकीच्यांनी पाहायचे. ‘‘निकाल पॉझिटिव्ह आहे’’ हे वाक्य दहा वेळा वेगवेगळ्या माणसाला सांगून पाहायचे. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचे.

आक्षेप आहेत, ते खोटे नाहीत

पहिला आक्षेप, ‘आता रुग्ण कमी झाले, कशाला खर्च?’ नव्या लागणी २०१० नंतर बऱ्याच कमी झाल्या हे खरे आहे. पण देशात आजही सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. कीड कमी दिसली म्हणून सापळे काढून टाकणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो?

दुसरा आक्षेप, ‘ओपीडीला शंभर रुग्ण, वेळ कुठून आणायचा?’ हा खरा आहे. रिकामी पदे भरली पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण प्रत्येकाला पाऊण तास लागत नाही. व्हरांड्यात टोमणा मारायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ‘‘बाजूच्या खोलीत बसा, मी येतो,’’ असे म्हणता आले असते.

तिसरा आक्षेप गावातून येतो : ‘असे उघड बोलले तर पोरं बिघडतील.’ पोरांना सारे मोबाइलवर दिसते. बिघडायचे ते तिथेच बिघडते. दवाखान्यात बंद दारामागे शहाण्या माणसाने सांगितलेले चार शब्द त्यांना सावरतील.

काय करता येईल

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांचे सरावाचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा घ्यावे : एक दिवाळीआधी, माणसे बाहेर पडण्यापूर्वी, दुसरे मे महिन्यात, माणसे परतल्यावर. खाजगी डॉक्टरांनाही बोलवावे. वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, त्याचा या कामी उपयोग करून घ्यावा. शिकवायला जिल्ह्यातले अनुभवी समुपदेशक घ्यावेत, आणि उपचार घेत असलेली, स्वतःहून पुढे येणारी माणसेही घ्यावीत. रुग्ण होऊन त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाइतके कोणी शिकवू शकत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि ग्राम आरोग्य समितीने आपल्या उपकेंद्रात एकदा जाऊन पाहावे, की तिथे दोन माणसांना दार लावून बोलता येते का? नसेल तर एक पडदा, दोन खुर्च्या आणि दाराला कडी, एवढे ग्रामपंचायतीला जड नाही. पण रुग्णांची नावे मात्र कोणीही विचारू नयेत. सरपंचानेही नाही, पोलीस पाटलानेही नाही, आणि आम्ही कृषीवाल्यांनी तर नाहीच. गावाने माणसाला मदत करावी, त्याची यादी करू नये.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, शंका असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात जा, किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. कोणी व्हरांड्यात मोठ्याने विचारले, तर ‘‘बाजूला बोलू,’’ असे सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

तो शेतकरी आता बरा आहे. दोघेही नवरा-बायको रोज गोळी घेतात, शेत करतात. गेल्या हंगामात तो पुन्हा शेतीशाळेला आला. सगळे गेल्यावर थांबला आणि म्हणाला, ‘‘सायेब, आता कोनाले दवाखान्यात न्याल, तं बाहेर काही बोलू नका.’’ मी माफी मागितली. मग त्याने पिशवीतून सोयाबीनचे एक पिवळे पडलेले झाड काढले आणि आम्ही त्याचे खोड चिरून पाहिले.